लगतचा अवयव : गुडघा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं कॅन्सरचं ऑपरेशन यशस्वी झालं. गाठ निघाली, अवयव वाचला, मिस्त्री शीळ घालत कामावर रुजू झाले. मात्र रुग्णालयाच्या दप्तरी असं ऑपरेशन झालेलंच नाही. तेव्हा आपणही वरची वाक्यं वाचली नाहीत असं समजून पुढे जाऊ.

मिस्त्रींचा कान तिखट. दुसऱ्याची लिफ्ट जरा कुरकुरली, की हे पान्हा घेऊन हजर. स्वतःच्या शिश्नावर चामखिळीसारखं काहीतरी उगवलं, तेव्हा मात्र त्यांनी ते आठ महिने ‘निरीक्षणाखाली’ ठेवलं. निरीक्षण न्हाणीघराला आतून कडी लावून चाले. शेवटी बायकोने दार बडवलं.

“अहो, आत काय अंडी उबवताय?”

तिने पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेऊन उभं केलं.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला तेव्हा त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा फुलला होता. “अत्यंत दुर्मिळ कॅन्सर! दिसतो चामखिळीसारखा, वाढतो सावकाश. माझ्या अख्ख्या नोकरीत हा दुसरा!”

“पहिल्याचं काय झालं?” बायकोने विचारलं.

“तो लाजला,” डॉक्टरांचा चेहरा उतरला. “दोन वर्षांनी आला. सगळंच काढावं लागलं. तुम्ही महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या. गाठ आणि भोवतीची थोडी कड, एवढंच जाईल.”

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी संगणकावरची अवयवांची यादी दोनदा वरखाली फिरवली. “काकू, हा अवयव यादीत नाही.”

“ह्यांच्याकडे आहे,” बायको म्हणाली.

यादीतली नावं बाहेरच्या मोठ्या पडद्यावर झळकत. तिथे सभ्य लोक बसतात, म्हणून रुग्णालयाच्या शिष्टाचार समितीने तो अवयव वगळला होता. “पण नियमानुसार लगतचा अवयव टाकता येतो,” बाई म्हणाल्या. “वरून नाभी आहे, पण ती प्रसूती विभागाकडे. खालून मांडी होती, तीही समितीने काढली. मग… गुडघा.”

मिस्त्रींच्या गुडघ्याचे एक्स-रे निघाले. हाडांच्या डॉक्टरांनी शेरा मारला : ‘गुडघा उत्तम.’ संगणकाने ताबडतोब ऑपरेशनची तारीख रद्द केली आणि मिस्त्रींचं अभिनंदन केलं.

अकरा दिवस गेले. मिस्त्रींनी समितीकडे दुरुस्तीचा अर्ज केला. ‘असभ्य शब्द’ या कारणास्तव तो परत आला. शब्दाच्या जागी रेघ मारून पुन्हा दिला, तर ‘अवयवाचा बोध होत नाही’ म्हणून परत. मग बायकोने बोधासाठी चित्र काढून जोडलं. अर्ज परत आला. चित्र समितीने ठेवून घेतलं.

महिना संपायला चार दिवस उरले, तेव्हा दोघं अर्ज घेऊन चौथ्या मजल्यावरच्या समितीच्या कार्यालयात निघाली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत समितीचे अध्यक्ष होते.

“अरे, कोणी मिस्त्रीला बोलवा!”

“मिस्त्रीच बोलतोय.” मिस्त्रींनी फटीला तोंड लावलं आणि खिशातून वही काढली. “तक्रार नोंदवतो साहेब. काय बिघडलंय?”

“लिफ्ट!”

“लिफ्ट आमच्या यादीत नाही. लगतचं टाकतो. जिना.”

बायको जिना चढून-उतरून आली. “जिना उत्तम!”

“अभिनंदन साहेब, तुमची तक्रार निकाली निघाली.”

आत अध्यक्षांनी सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. मग फटीतून अर्ज आत सरकला. रेघेवर तो शब्द अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहायचा, मोठ्याने वाचायचा आणि खाली सही करायची, एवढीच अट होती. अध्यक्षांनी वाचला. चारही मजल्यांनी ऐकला. कोणालाही काही झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा फक्त म्हणाले, “जरा मोठ्याने.”

सही झाली, लिफ्ट हलली. तिसऱ्या दिवशी ऑपरेशनही झालं.

यादी मात्र बदलली नाही. शब्द यादीत घ्यायला समितीची बैठक हवी आणि बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो शब्द छापता येत नाही. त्यामुळे दप्तरी ऑपरेशन गुडघ्याचंच लागलं आणि घरी सोडताना मिस्त्रींना एक कुबडी देण्यात आली. दर तीन महिन्यांनी तपासणीला जाताना ते ती काखेत मारून जातात. परवा गुडघ्याच्या बाकावर सात पुरुष बसले होते. पाच जण ताडताड चालत आले होते.

सबब मिस्त्रींची नम्र विनंती की, सदर अवयवाचे नाव यादीत गुडघ्याच्या वर, जिथे तो असतो तिथे, पूर्ववत घेण्यात यावे. तसेच ज्या वाचकांनी वरील मजकूर वाचताना तो शब्द अंगठ्याखाली झाकला, त्यांनी अंगठा उचलून तो घरातल्या सर्वांसमोर एकदा मोठ्याने वाचावा आणि वाचल्याचा दाखला दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी आठ दिवसांत सादर करावा. आठ महिने लावू नयेत.