बर्फ फुटू दे

गेल्या फेब्रुवारीतल्या एखाद्या शुक्रवारी सकाळी तुम्ही दोह्यातल्या मदिनत खलीफाच्या एका जुन्या व्हिलामागच्या मोकळ्या जागेत डोकावला असता, तर एक माणूस लहान मुलांना अंघोळ घालायच्या निळ्या टबात उभा दिसला असता. टबात पेट्रोल पंपावरून आणलेला दोन पिशव्या बर्फ. पायात प्लांटमधले गमबूट. हातात नऊ फुटी लवलवती काठी, आणि तिची लांब दोरी तो समोरच्या कोरड्या वाळूवर फेकत होता. पलीकडे चाळीस फुटांवर, पालथ्या बादलीवर दुसरा एक माणूस बसला होता. दोरीचं टोक त्याच्या हातात येऊन पडलं, की तो ते हिसडायचा.

टबातले ते इस्माईलभाई. बादलीवरचा मी. माझं काम मासा होणं.

इस्माईलभाई मूळचे रत्नागिरीकडचे, रास लफानला गॅसच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. वय अठ्ठावन्न. मी त्याच कंपनीत प्लॅनिंगला. अकरा वर्षं आम्ही कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतोय. पहिली काही वर्षं ते फक्त झोपायचे. मग त्यांना नदी लागली.

त्यांचं एक पालुपद होतं, ‘बर्फ फुटू दे, मग बघू.’ जुलैत, बाहेर सेहेचाळीस डिग्री असताना बसचा एसी बंद पडला. सगळे ड्रायव्हरवर तुटून पडले. इस्माईलभाई रुमालाने मान पुसत म्हणाले, “बर्फ फुटू दे, मग बघू.” इन्क्रिमेंट अडकलं, तरी बर्फ फुटू दे. दाढ दुखली, तरी बर्फ फुटू दे. हळूहळू अख्ख्या बसला ते लागलं. केरळचे वेल्डरसुद्धा ‘बर्फ फुटू दे’ म्हणायला लागले. त्यांना वाटायचं, ही मराठीतली इन्शाल्ला असावी.

या माणसाने फ्रीजबाहेरचा बर्फ कधी पाहिला नव्हता. पाहिला होता तो फक्त मोबाइलवर, मुलाने पाठवलेल्या फोटोत.

मुलगा यासिर. दोह्यात वाढला, इंग्रजी शाळेत शिकला. बाप मराठीत विचारणार, मुलगा इंग्रजीत उत्तर देणार, अशी त्यांची रीत. वडिलांनी ओळखीपाळखी वापरून त्याला रास लफानला चिकटवलं. सहा महिन्यांत पठ्ठ्याने राजीनामा टाकला आणि कॅनडाला गेला. कॅलगरीजवळ. तिकडेच लग्न केलं. तीन वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. मग एक दिवस तो फोटो आला. गोठलेली नदी मधोमध तडकलेली, आणि त्या फटीतून काळं पाणी वाहतंय. खाली लिहिलेलं, मार्चमध्ये बर्फ फुटतो अब्बा, तेव्हा ट्राउट मासा भुकेला असतो, या.

तो फोटो त्यांनी मला बसमध्ये इतक्या वेळा दाखवला, की आता मला त्या नदीचा काठ मदिनत खलीफापेक्षा जास्त पाठ आहे.

तयारी सुरू झाली. ट्राउट जिवंत आमिषाला नव्हे, गळावर बांधलेल्या खोट्या माशीला फसतो, असं यासिरने सांगितलेलं. मग इस्माईलभाई माश्या बनवायला बसले. साळुंकीची पिसं, त्यांच्या बायकोच्या, रुकय्याभाभींच्या, शिवणाच्या डब्यातला दोरा, मांजराचे केस. “लोकं रिटायर झाली की माश्या मारतात,” ते म्हणायचे, “मी आधीपासूनच बांधून ठेवतो.”

भाभी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकवायच्या, “ह्यांचा बा खाडीत पाग टाकायचा, तर टोपलीभर मासे यायचे. हे वाळूत टाकतायत. आज काय शिजवू, वाळू?”

पाग म्हणजे फेकायचं जाळं. तीच अडचण होती. इस्माईलभाईंच्या कमरेत बापाचा पाग मुरलेला. काठी मनगटाने हलवायची, तर हे अख्खे गर्रकन फिरायचे, आणि दोरी स्वतःभोवतीच गुंडाळली जायची. सोडवायला मी. मग ते म्हणायचे, “आता मासोबा, जागेवर बसा.”

पण त्यांना खरं पटत नव्हतं ते वेगळंच. तिथे मासा पकडला की परत सोडायचा, असा यासिरचा नियम.

“पकडायचा आणि सोडायचा? मग गेलेलो कशाला?” दोन महिने ते यावर धुमसत होते. मग एका सकाळी बसमध्ये एकदम म्हणाले, “सुधीर, सोडणं सोपं नाय हां. व्हिडिओ पाहिला मी. आधी हात पाण्यात बुडवायचे. कोरड्या हाताने धरलं तर त्याची साल जाते. आणि सोडायचा म्हणजे फेकायचा नाय. दमलेला असतो तो. दोन्ही हातांत धरायचा, तोंड पाण्याच्या ओढीकडे. कल्ले चालायला लागले की मग हात उघडायचे.” असं म्हणून त्यांनी माझं मनगट धरून प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघत राहिला.

आता जे सांगायचंय ते सांगतो. हे सगळं हसत लिहिता येतं म्हणून इतका वेळ लिहीत बसलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा व्हिसा आला होता. यासिरने तिकीट काढलं होतं. रजा मंजूर होती. आणि मार्चमध्येच प्लांटचं शटडाउन लागलं, म्हणजे सगळं बंद करून मोठी दुरुस्ती. शटडाउनमध्ये कुणाची रजा रद्द करायची, ती यादी माझ्या टेबलावर बनते. इन्स्ट्रुमेंटचा एक अनुभवी माणूस हवा होता. दोघे होते. दुसरा भांडकुदळ. त्याचं नाव घातलं असतं तर तो साहेबाच्या केबिनपर्यंत गेला असता, त्याने आठवडाभर माझं डोकं खाल्लं असतं. मी इस्माईलभाईंचं नाव घातलं. ते भांडणार नाहीत म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं. मला तो फोटो पाठ होता, तरी घातलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते म्हणाले, “कंपनीने नाव टाकलं रे. नशीब.” मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली.

त्या मार्चमध्ये यासिर सासऱ्यांना घेऊन नदीवर गेला. फोटो आला, त्यात सासरे काठी धरून उभे. त्यानंतर त्याचे फोन ईदपुरते उरले. इस्माईलभाईंचा शुक्रवार मात्र चुकला नाही. उलट त्या वर्षी त्यांनी तो टब आणला, पायांना थंडीची सवय हवी म्हणून. आणि मासा व्हायला माणूस हवा होता. मी नाही म्हणू शकलो नाही. प्रायश्चित्त बादलीवर बसून घेता येतं, असं वाटलं असावं मला.

यंदा जानेवारीत यासिरचा फोन आला. मार्चमध्ये या. आणि पुन्हा शटडाउनची यादी माझ्यासमोर. या वेळी मी त्या दुसऱ्याचं नाव घातलं, आणि त्याने माझं डोकं खरंच आठवडाभर खाल्लं.

मग फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी इस्माईलभाई खुशीत होते. दोरी सरळ येऊन माझ्या पायाशी पडली. “बघितलंस? मनगटाने!” मग टबातूनच ओरडले, “ह्या टायमाला नशिबाने साथ दिली रे! नाव आलं नाय यादीत!”

मी टोक हातात धरून बसलो. हिसडलं नाही.

“काय मासोबा, मेलात काय?”

“नशीब नव्हतं ते,” मी म्हणालो.

“काय?”

चाळीस फूट अंतर. दोन वर्षं जी गोष्ट शेजारी बसून कुजबुजता आली नाही, ती मला ओरडून सांगावी लागली. “नशीब नव्हतं! तेव्हा तुमचं नाव मीच टाकलं होतं!”

खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला.

इस्माईलभाईंनी दोरी सोडली नाही. ती आमच्या दोघांमध्ये ताणलेली राहिली. त्यांनी विचारलं, “मीच का?”

“तुम्ही भांडणार नाही म्हणून.”

ते टबातल्या बर्फाकडे बघत राहिले. “यासिर पण हेच बोलला होता,” ते म्हणाले. आता ओरडत नव्हते, मला कान द्यावा लागला. “यू डिडन्ट इव्हन फाइट, अब्बा. त्याला वाटलं, मला यायचंच नव्हतं. तीन वर्षांनी बोलावलं पोराने, आणि बापाने कंपनीला एक शब्द विचारला नाय. नाव कोणी टाकलं ते मी तुलाच विचारायला पायजे होतं. शेजारीच बसायचास.” मग म्हणाले, “तू पण सांगायला पायजे होतंस.”

“हो.”

त्यांनी काठी वाळूवर ठेवली. आता आत जातील आणि दार लावतील, असं मला वाटलं. मी बादलीवरून उठलोही.

ते वाकले. दोन्ही हात कोपरापर्यंत टबातल्या बर्फात बुडवले. तसेच निथळत, गमबूट फताक फताक वाजवत चाळीस फूट चालत आले, आणि त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांत धरलं. हाडापर्यंत गार गेलं.

“इस्माईलभाई, मी—”

“गप. मासे बोलतात काय?”

माझा श्वास मलाच ऐकू येत होता. त्यांच्या हातांवरून पाणी वाळूवर टपटपत होतं. जरा वेळाने मी हळूच हात मागे घेऊन पाहिला.

“थांब,” ते म्हणाले. “कल्ले नाय चालू झाले अजून तुझे.”