कांद्याच्या शस्त्रत्वाचा प्रश्न

सन २००१ च्या डिसेंबरातील एका रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सदनिकेत एक राक्षस रडला. राक्षसाने रडण्याविषयी लेखी तरतूद नसल्यामुळे पुढील सर्व प्रकार घडला.

खेळ साधा होता. एकाने सूत्रधार व्हायचे आणि डोंगर, दऱ्या, राक्षस तोंडाने उभे करायचे. इतरांनी आपापले पात्र घेऊन त्या जगात शिरायचे, आपण काय करतो ते सांगायचे आणि शंका आली तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. सूत्रधार होता हिरामण. मूळचा कळवणचा, शाळेत चित्रकला शिकवणारा. सदनिका निवृत्त प्राध्यापक रंगनाथरावांची. नियमांचे पुस्तक त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने धाडलेल्या ग्रंथाची झेरॉक्स प्रत होती, पाने दोनशे बारा. ते सोमनाथच्या ताब्यात असे. सोमनाथ एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत होता आणि रविवारीही तिथेच असे.

त्या दिवशी चौथ्या खेळाडूची, रोशनीची, तलवारधारी नायिका झुलत्या पुलावर पोहोचली होती. मधोमध राक्षस. हिरामणने त्याला लासलगावच्या लिलावाचा आवाज दिला. "बोला, एक मुंडकं, निवडक माल, बोला."

"माझ्या झोळीत कांदा आहे," रोशनी म्हणाली. "मी त्याला म्हणते, आधी जेवण, मग मुंडकं. कांदा तू चीर."

हिरामण खूश झाला. "चिरतोय. गदा काखेत धरून. डोळ्यांना लय धारा लागल्यात, त्याला काही दिसत नाय. नीघ तू."

"कोणत्या पानावर?" सोमनाथने विचारले.

"काय कोणत्या पानावर?"

"पान एकशे सत्तेचाळीस. राक्षसास इजा करणाऱ्या बाबी: अग्नी, वीज, आम्ल. कांदा पान एकसष्टवर आहे, शिधा या सदरात. शिध्याने शत्रू हटवता येत नाही."

"अरे, पहिल्याच पानावर लिहिलंय, सूत्रधाराचा शब्द अखेरचा."

"ती प्रस्तावना आहे," सोमनाथ शांतपणे म्हणाला. "प्रस्तावना बंधनकारक नसते."

रंगनाथरावांनी आयुष्यभर प्रस्तावनाच शिकवल्या होत्या, तरी त्यांनी मान डोलावली. निर्णय होईपर्यंत नायिकेने पुलावर आहे त्या स्थितीत थांबावे, असे ठरले. राक्षसाचे रडणेही स्थगित झाले.

निर्णयासाठी सभा हवी, सभेसाठी मंडळ हवे, मंडळाला घटना हवी. फेब्रुवारीत घटना मंजूर झाली. रंगनाथराव अध्यक्ष, सोमनाथ कार्यवाह. त्या दिवसापासून रोशनीची 'मॅडम' झाली आणि हिरामणचे 'सूत्रधार महोदय'. मार्चमध्ये कांदा उपसमिती नेमली गेली. तिने उन्हाळ कांदा आणि लाल कांदा यांच्या तिखटपणाचा तुलनात्मक अहवाल दिला. तो चौदा पानांचा होता. राक्षसाला डोळे किती, हे मूळ नोंदीत नसल्याने अहवाल फेरविचारार्थ परत गेला.

एप्रिलमध्ये कल्पनापूर्व मंजुरीचा ठराव झाला. यापुढे सूत्रधाराने सुचणार असलेली प्रत्येक गोष्ट आठ दिवस आधी, तीन प्रतींत सादर करावी.

"सुचायच्या आधी कसं सांगू?" हिरामणने विचारले.

"अंदाजे लिहा," सोमनाथ म्हणाला. "आम्हीही अर्थसंकल्प तसाच करतो."

मंडळ मात्र वाढत गेले. खेळायला चार माणसे जेमतेम जमत. हरकत घ्यायला सव्वीस जमली. त्यांपैकी बावीस जणांनी फासा पाहिला नव्हता, आणि नवीन सभासदांनी हाताळून तो झिजवू नये म्हणून तो कपाटात कुलूपबंद होता.

रोशनीला बंगळुरात नोकरी लागली होती. एक ऑगस्टला रुजू व्हायचे होते. दोन वर्षे सांभाळलेली नायिका पुलावर लटकत ठेवून जाणे तिच्या जिवावर आले होते. तिने अर्ज केला. तो कांद्याचा म्हणून उपसमितीकडे आणि पुलाचा म्हणून बांधकाम उपसमितीकडे गेला. दोघींनीही तो एकमेकींकडे पाठवला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी, सभेत चहा येईपर्यंत दहा मिनिटे मोकळी होती. हिरामण खुर्ची ओढून रोशनीसमोर बसला आणि कुणालाही न विचारता सांगू लागला. राक्षस कांदा चिरतो आहे. आधी कांद्याने रडतो, मग आपले नशीब आठवून. शेकडो वर्षे पुलावर उभा, पण पलीकडचे गाव कधी पाहिले नाही, कारण पूल सोडायची परवानगी नाही. रोशनीची नायिका त्याच्या हातातली सुरी काढून घेते, त्याचे बोट धरते, आणि दोघे पूल ओलांडतात. खाली नदी, पलीकडे बाजार.

बाकीची पंचवीस माणसे ऐकत होती. चहा निवला. सोमनाथच्या हातातले पेन थांबले होते. रंगनाथरावांनी चष्मा पुसला.

रोशनीने डोळे टिपले. "फार सुंदर, हिरामण," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, सोमनाथकडे पाहत तिने विचारले, "पण हे धरायचं का?"

हिरामण उठला आणि घरी गेला. त्याची अनुपस्थिती इतिवृत्तात विनापरवानगी अशी नोंदवली गेली.

नायिका पुलापार झाली, हे आपण आत्ताच वाचले. तरीही ती नेमकी पार झाली की नाही, अशी बारीकशी शंका ज्या वाचकांच्या मनात उरली असेल, त्यांना मंडळात येण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागणार नाही.