झुलालनानांचं नाक

झुलालनानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्यातल्या एका रिकाम्या खोलीबाहेर. खोलीचं दार आतून लावलेलं होतं आणि आत कोणीतरी सारखं शिंकत होतं. मी मोजत गेलो. अकराव्या शिंकेनंतर दार उघडलं. धोतर, पांढरा सदरा, टोपी असा एक काटकुळा म्हातारा बाहेर आला आणि अंगावरचं पीठ झटकू लागला. त्याच्यामागून एक तरुण भांबावून बाहेर आला.

"वास ई ऱ्हायना, भाऊ!" म्हातारा त्याला म्हणाला. "ज्वारी-बाजरीना ताजा दळेलना वास. लाव तू गिरणी. कागद मी करस."

मी आत डोकावलो. खोलीत गिरणी नव्हती, पिठाचा डबाही नव्हता. होत्या फक्त चार कोऱ्या भिंती. मी नानांच्या बाहीकडे पाहिलं, ती स्वच्छ होती. तरीही निघताना मी माझी बाही झटकली.

त्या जागी पुढे गिरणी झाली. ती अजून चालते.

तेव्हा मी धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात होतो. लहान धंद्यांसाठी कर्ज, अनुदान, बीजभांडवल मागणारे अर्ज आमच्याकडे यायचे आणि अर्जदाराची जागा पाहून अहवाल लिहिणं हे माझं काम होतं. झुलालनाना सोनगीरचे. पोस्टात पत्रं वाटून निवृत्त झालेले. त्यांच्या कापडी पिशवीत वर्तमानपत्रांतल्या योजनांची कात्रणं, अंगठ्यासाठी शाईची डबी, यंत्रांची कोटेशनं, ग्रामपंचायतीच्या ना हरकत दाखल्यांचे कोरे नमुने, सगळं असायचं. कोणत्या बँकेचा मॅनेजर बायांच्या गटाला उभं करतो, कोणती पतसंस्था जामीन मागत नाही, कुठल्या खात्याला मार्चमध्ये अचानक उदारपणा सुचतो, हे त्यांना तोंडपाठ. जळगावपासून शिंदखेड्यापर्यंत लोक त्यांना शोधत यायचे. मोबदला म्हणून ते चहा घ्यायचे, तोही बिनसाखरेचा.

पण अर्ज भरण्याआधी त्यांची एक अट असे. जिथे धंदा काढायचा त्या जागी भर दुपारी जायचं, दार लावायचं आणि अर्जदाराबरोबर तासभर बसायचं. तासाभरात नानांना त्या न झालेल्या धंद्याचा वास आला तर अर्ज भरायचा, नाही आला तर नाही.

जळगावला एकाला झेरॉक्सचं दुकान काढायचं होतं. नाना बाहेर आले ते ढेकर देत. "वरण-भात ई ऱ्हायना," म्हणाले. "कागदना वास नही."

"नाना, मी ग्रॅज्युएट माणूस आहे," तो भडकला. "मी काय भात वाढू लोकांना?"

त्याने दुसऱ्याकडून अर्ज करून घेतला. वर्षभरात झेरॉक्स मशीनवर धूळ बसली. दुसऱ्या वर्षी त्याच जागी त्याची बायको खानावळ चालवत होती आणि ग्रॅज्युएट माणूस विचारत होता, "नाना, पापड देऊ का?"

अशा गोष्टी सांगून आम्ही कार्यालयात हसायचो. एका गोष्टीवर मात्र कोणी हसत नसे. एका कापडाच्या दुकानदाराला शेजारचा गाळा घेऊन धंदा वाढवायचा होता. चांगला हसतमुख, चाळिशीचा माणूस. नाना त्याच्याबरोबर आत बसले. दहाच मिनिटांत त्यांनी टोपी काढली आणि छातीशी धरली. कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवून उठले.

"काय नाना, कापडाचा वास आला का?" त्याने विचारलं.

"उदबत्ती लायेल व्हती का आठे कोनी?"

"नाही बुवा."

नाना पिशवी उचलून निघून गेले. दोन महिन्यांत त्या गाळ्याच्या कोपऱ्यात दुकानदाराचा हार घातलेला फोटो लागला. ही हकीकत मला त्याच्या भावाने सांगितली. सांगताना त्याचा हात आपोआप डोक्याकडे गेला, टोपी नव्हती तरी.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. ते टाळण्यासाठीच इतका वेळ नानांबद्दल बोललो.

एकदा नाना कार्यालयात आले होते. आमच्या एका कारकुनाने त्यांना छेडलं. "नाना, आमच्या टेबलांचा वास घ्या की! कोणाचं काम कसं चाललंय, सांगा."

नाना एकेका टेबलाशी वाकत गेले. कारकुनाच्या टेबलाशी "शेवभाजी" म्हणाले, हेडक्लार्कच्या टेबलाशी "झोप" म्हणाले. सगळे खो खो हसत होते. माझ्या टेबलापाशी ते जरा जास्त वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "साहेबना टेबलले कसानाच वास नही."

हसणं थांबलं. मग दुप्पट जोराने सुरू झालं. मीही हसलो, पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी वाकून स्वतःच्या टेबलाचा वास घेतला. खरंच, कसलाच वास नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी विमलअक्कांचा अर्ज माझ्याकडे आला. अक्का सोनगीरच्या पुढच्या एका गावच्या. पदरात दोन मुली, नवरा नव्हता. रस्त्याकडेला पत्र्याची एक खोली होती, तिथे त्यांना मिरची-मसाल्याचं कांडप यंत्र बसवायचं होतं. अर्ज नानांच्या अक्षरात होता. त्या खोलीत नानांना असा ठसका लागला होता, की शेजारच्या बाया पाणी घेऊन धावल्या, असं सगळा गाव सांगत होता.

मी जागा पाहायला मंगळवारी येणार, असं कळवलं होतं. मंगळवारी मी गेलो नाही. ऊन होतं, जीप नव्हती, ही कारणं मी तेव्हा स्वतःला सांगितली. खरं कारण ते टेबल होतं. त्या बिनवासाच्या टेबलावर बसून मी लिहिलं: 'समक्ष जागेवर गेलो असता जागा बंद आढळली. कोणीही इसम हजर नव्हता. जागा उद्योगास योग्य नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात यावा.'

चार ओळींनी काय होतं, असं मला वाटलं होतं. पण असा शेरा फाईलला चिकटून राहतो. पुढे अक्कांनी ज्या ज्या योजनेत अर्ज केला, तिथून तो परत आला. पूर्वीचा अहवाल प्रतिकूल आहे, एवढंच कारण. दरवर्षी नाना नवा अर्ज घेऊन यायचे, दरवर्षी मी पंख्याकडे पाहायचो. "मी तुमच्या जागेवर आलोच नव्हतो," एवढं म्हणायचं होतं. ते न म्हणताच मी निवृत्त झालो. सत्काराला नानाही आले होते. त्यांनी मला नारळ दिला.

मागच्या वर्षी हिवाळ्यात दोंडाईच्याला एका लग्नाला गेलो होतो. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या, नजर जाईल तिथवर लाल जमीन. कडेला बाया बसून मिरचीचे देठ खुडत होत्या. त्यातल्या एकीने तोंडावरचं फडकं खाली केलं.

"साहेब ना तुम्ही? वळखं नही का? मी विमल."

त्यांची बोटं सुजून लालभडक झाली होती. मी मुलींची चौकशी केली. धाकटी कॉलेजात होती. शिकून झाल्यावर यंत्र तीच चालवेल, असं अक्का म्हणाल्या. जणू यंत्र उद्याच येणार होतं.

"नाना आजूनबी खोली उघडतस, साहेब. दर मंगळवारले. तुम्ही मंगळवारले येनार व्हतात ना?"

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्या सरळ विचारत होत्या.

अकरा वर्षं. दर मंगळवार.

तरीही जायला मी भादवा उजाडू दिला. दुपारी एकला एसटीतून उतरलो. रस्त्यावर माणूस नव्हता, कुत्रंही नव्हतं. पत्र्याच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आतली जमीन नुकतीच सारवलेली. भिंतीशी सतरंजीवर नाना बसले होते आणि त्यांच्यासमोर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, रिकामी. खुर्चीशेजारी स्टुलावर झाकलेला पाण्याचा पेला. खुर्ची जुनी होती, पण तिच्यावर कोणी कधी बसल्याची खूण नव्हती.

"या साहेब," नाना म्हणाले. जराही दचकले नाहीत. "उशीर व्हयना. दार लोटा आनि बसा."

मी दार लोटलं. खुर्चीवर बसवेना, म्हणून सतरंजीवर टेकलो. त्या अंधुक खोलीत पत्रा उन्हाने तडतडत होता आणि रिकामी खुर्ची आम्हा दोघांकडे पाहत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग मला गप्प राहता येईना. मी सगळं सांगून टाकलं: टेबल, ते वाक्य, मंगळवार, चार ओळी.

नानांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, "रिकामी खोलीमा तासभर कोनीच चुप बसत नही, साहेब. मानूस बोलस. मी आयकस. बस, एवढंच शे मन्हं."

"आणि वास?"

"मन्हं नाक मरेल शे." त्यांनी नाकावर टिचकी मारली. "वीस वरीसना व्हतू तवय तंबाखूनी वखारमा गयं. तवयपासीन फूल नही, शेन नही, कसानाच वास नही. झेरॉक्सवालानी बायको एकटी धा-धा मानसंसले जेवाडे, त्यानीच माले सांगं. मंग मी ढेकर दिधा. मानूसले कोनीतरी सांगनं पडस ना, का तुन्हं चालनार शे."

"मग माझं टेबल?"

"तठे मी खरं बोलनू साहेब, एकच डाव." ते कसनुसं हसले. "आनि तेच तुमले लागनं."

 मग मी विचारलं, "आणि ती उदबत्ती, नाना?"

नानांचं हसू गेलं. "ते माले आजूनबी समजनं नही. तेवढाच वास खरा उना."

"अकरा वर्षं इथे कशाला बसलात तुम्ही?"

"अक्काले सांगेल व्हतं ना, वास ई ऱ्हायना म्हनीसन. मन्हं बोलनं खोटं पडी कसं चाली?" मग म्हणाले, "बायको गयी, पोऱ्या सुरतले. घर बी रिकामी खोलीच शे साहेब. आठे निदान कोनीतरी येनार व्हतं."

मी काहीतरी उत्तर देणार होतो, तेवढ्यात माझ्या घशात काहीतरी झोंबलं. खोकला आला. थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नानांनी तो झाकलेला पेला माझ्या हातात दिला. भादव्यात गावात कुठे मिरची कुटत नाहीत. त्या खोलीत तर कधीच नव्हती.

"रडू नका, साहेब."

"रडत नाही," मी कसंबसं म्हणालो. "नाना, मिरची!"

म्हातारा गुडघ्यांवर सरकत जवळ आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "खरंच? कसा येस? सांगा ना."

मी सांगितलं. आधी तेलात परतलेल्या मिरचीचा झोत, मग भाजलेलं खोबरं, मागाहून धने, आणि यंत्र तापल्यावर येतो तसा लोखंडाचा वास. नाना डोळे मिटून ऐकत राहिले.

तिथेच बसून मी नवा अहवाल लिहिला. पूर्वीचा अहवाल कार्यालयात बसून लिहिलेला आहे, तो खोटा आहे, त्याची जबाबदारी माझी, हे आधी. मग लिहिलं: 'जागा उघडी आढळली. एक इसम हजर होता.' पेन्शनीचं काय व्हायचं ते होवो, म्हणून खाली सही केली. तो कागद मी हातानेच कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या नव्या साहेबाने दोनदा वाचला आणि माझ्याकडे न पाहता ठेवून घेतला. पण पुढच्याच आठवड्यात तो जागेवर जाऊन आला. अक्कांना मंजुरीचं पत्र मिळालं. दिवाळीपूर्वी यंत्र बसणार आहे. मला चौकशीची नोटीस आली आहे, ती यायलाच हवी होती.

पत्राची बातमी आली त्या दिवशी नाना मला म्हणाले होते, "आते मंगळवारले मी कोठे जाऊ, साहेब?"

"माझ्याकडे या," मी म्हणालो. "बायको गेल्यापासून पुढची खोली रिकामीच आहे. बसून बघा, कसला वास येतो."

तेव्हापासून ते धुळ्याला येतात. बिनसाखरेचा चहा घेतात, दार लावून तासभर बसतात. मी बोलतो, ते ऐकतात.

गेल्या मंगळवारी मी बोलत असताना त्यांनी हळूच टोपी काढली. छातीशी धरली. माझ्या मागच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मी बोलायचा थांबलो.

मग त्यांनी घाईघाईने टोपी डोक्यावर ठेवली आणि ठसका लागल्यासारखे खोकायला लागले. फार वाईट खोकत होते. या माणसाच्या ठसक्यावर इतक्या लोकांनी विश्वास कसा ठेवला, कोण जाणे.

"मिरची ई ऱ्हायनी, साहेब!" डोळे पुसत ते म्हणाले. "तुमना घरमा बी! चालनार शे तुमनं, अजून लई चालनार शे!"

डॉक्टरांनी मला मिरची बंद करून चार वर्षं झाली आहेत.

"हो नाना," मी म्हणालो. "मलाही आला वास."

ते गेल्यावर मी कागद काढला आणि हे लिहायला बसलो.