हात पुढे केलेले जॅकेट

"मी मागे बसेन," अनुपमा म्हणाली, "पण आधी तुम्ही अंगात काहीतरी जाड घाला. कोपरं बघा स्वतःची. किसणीवर धरल्यासारखी सोलवटलीत."

दशरथ मेस्त्रीने कोपरे बघितली नाहीत. माणसाला स्वतःची कोपरे तशीही नीट दिसत नाहीत. शिवाय त्याने पहिले तीन शब्दच ऐकले होते. शंभर सीसीची लाल मोटरसायकल बोरिवलीच्या त्या सोसायटीत आल्याला दोन वर्षे झाली होती, आणि या दोन वर्षांत अनुपमा तिच्यावर एकदाही बसली नव्हती. आता १९८६च्या डिसेंबरात जोगेश्वरीजवळ, ट्रकमधून सांडलेल्या वाळूवरून दशरथ घसरला काय आणि हळद लावता लावता तिने आपण होऊन विषय काढला काय! त्याला पडल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

तो अंधेरीच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता. दुपारी जेवण झाले की ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर टेकवून तो मनाने मुंबई-गोवा रस्त्यावर निघून जात असे. पनवेल, पेण, वडखळ. नागोठण्याला नदीवर धुके. कशेडी घाटात दर वळणावर खांद्यावरचा अनुपमाचा हात थोडा घट्ट होई. मग राजापूर, खारेपाटण, नांदगावला उजवीकडे, आणि काजूच्या मोहोराचा वास सुरू झाला की समजायचे, देवगड आले. कुणकेश्वरच्या जत्रेला दरवर्षी दोघे एस्टीने जात. एस्टीत स्वप्न पडत नाही. पुढच्या सीटचा दांडा कपाळाला लागतो.

म्हणजे आता जत्रा आणि दशरथ यांच्यामध्ये फक्त एक चामड्याचे जॅकेट उभे होते.

ते निवडण्यात त्याने चार रविवार घालवले. धारावीच्या दुकानांतून चामड्याचे तुकडे मागून आणले, गच्चीवर नेले आणि एका खडबडीत दगडावर प्रत्येकी वीस वेळा घासले. निकाल त्याने वहीत लिहिला. मेंढीचे चामडे चौथ्या घासण्याला फाटले. बकरीचे अकराव्याला. म्हशीच्या चामड्याच्या वेळी विसाव्या घासण्यानंतर दगड गुळगुळीत झाला.

"म्हशीचं," त्याने जाहीर केले.

"त्याच्या तर मोटा करायचे पूर्वी," अनुपमा म्हणाली. "विहिरीतून पाणी काढायला."

"म्हणजे बघ, किती टिकाऊ!"

कारागीर मिळाला तो तुळशीदास नावाचा. तो चामड्याच्या प्रवासी बॅगा शिवायचा, जॅकेट कधी शिवले नव्हते. पण दशरथला त्याची काळजी नव्हती, कारण तो ड्रॉइंग घेऊन गेला होता. समोरून, बाजूने आणि वरून, अशी तीन दृश्ये; ट्रेसिंग पेपरवर, एकास पाच या प्रमाणात, मापे मिलिमीटरमध्ये. तुळशीदासने कागद बराच वेळ उलटसुलट केला.

"साहेब, तीन माणसांची तीन जॅकेटं आहेत का?"

"नाही हो, एकाच माणसाची. तीन बाजूंनी."

"आणि हा इसम असा का बसलाय? कुणाला ढकलतोय?"

"तो गाडी चालवतोय. म्हणून तर माप बसल्या पोझिशनमध्ये घेतलंय. कोपर एकशेवीस अंशात, पाठ थोडी पुढे. उभ्यानं माप घेतलं की गाडीवर पाठ उघडी पडते, बाह्या वर सरकतात. सगळे तिथंच चुकतात."

तुळशीदासने डोक्याला पेन्सिल लावली. "आणि गाडीवरनं उतरल्यावर?"

दशरथ त्या क्षणी माणगाव ओलांडत होता.

तुळशीदास प्रामाणिक माणूस. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही, त्याने ड्रॉइंगबरहुकूम जॅकेट शिवले. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी दशरथने ते दुकानाबाहेर, मोटरसायकलवर बसूनच घातले आणि त्याला भरून आले. चामडे पाठीला असे बसले होते की पाठ आणि चामडे वेगळे सांगता येऊ नये. हात आपोआप हँडलवर गेले. सायन ते बोरिवली हा रस्ता त्याला त्या दिवशी दिसलाच नाही.

सोसायटीत येऊन तो उतरला, आणि हात तसेच राहिले.

त्याने ते खाली करायचा प्रयत्न केला. म्हशीने नकार दिला. पाव इंच जाडीचे चामडे एकशेवीस अंशांत शिवले होते आणि त्यात शिरलेल्या माणसाला दुसरे मत नव्हते. दशरथ पुढे वाकून, दोन्ही हात समोर धरून जिना चढू लागला. पहिल्या मजल्यावरच्या विमलाबाई कचरा टाकायला बाहेर आल्या होत्या. अंगावर चाल करून येणारा शेजारी बघून त्या केराच्या डब्यासकट आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली.

बेल त्याला नाकाने वाजवावी लागली.

अनुपमाने दार उघडले. वरपासून खालपर्यंत बघितले. "काय देऊ हातात?"

"चेन ओढ आधी."

जॅकेट निघायला अकरा मिनिटे लागली. जमिनीवर ठेवले तेव्हाही त्याचे हात पुढेच होते. हसून हसून अनुपमा भिंतीला टेकली, मग डोळे पुसून म्हणाली, "हे असं घालून तुम्ही मला महाडला चहा पाजणार? कप कोण धरणार तुमच्या तोंडाला? मी नाही बसायची अशा माणसाच्या मागे. हात खाली येत नाहीत तोवर जत्रा एस्टीनं."

दुसऱ्या दिवशी कंपनीत दशरथने ही हकिकत लहूला सांगितली. लहू मशीन शॉपमध्ये फिटर होता, मनोरीचा कोळी. कोणतीही गोष्ट अडली की त्याच्या मते एकच कारण असे.

"तेल नाय लावलंस. कोरडं हाय म्हणून अडतंय. आमच्या घरी ये रविवारी. आयेकडं तेल हाय, होडीला लावतो ते. लाकूड मऊ पडतं त्यानं, तुझी म्हैस काय चीज हाय!"

"कसलं तेल?"

"अरे, तेल रे! कसलं काय? झकास असतं."

चौकशी इथे आणखी व्हायला हवी होती. पण चामडे दगडावर वीस वेळा मोजून घासणारा माणूस तेलाच्या बाबतीत मित्रावर विसंबला.

रविवारी मार्व्याच्या धक्क्यावर दशरथने मोटरसायकल बोटीत चढवली आणि तिच्याशेजारी उभा राहिला. जॅकेट अंगातच होते. ते एकट्याने काढता येत नसे. खाडीवर ऊन पसरले होते. पाणी हलत होते, पलीकडचे माड तरंगत जवळ येत होते, आणि दशरथ हात पुढे करून उभ्या उभ्या वाशिष्ठीच्या पुलावर पोचला होता. डाव्या हाताला एकाएकी ओझे लागले तेव्हा तो जागा झाला. शेजारच्या बाईने त्यावर भाजीची पिशवी अडकवली होती. तिचे बघून दुसरीने उजव्या हातावर छत्री टांगली.

"देवाचा मानूस," पहिली म्हणाली. "धक्क्यापरेंत असाच रा हां बाबा."

पलीकडे उतरल्यावर कळले की पिशवीवाली बाई म्हणजेच लहूची आई, सखुबाई.

तिने अंगणात जॅकेटची पाहणी केली, जाड बोटांनी चामडे चिमटून पाहिले आणि काळ्या डब्यातून पिवळट तेल काढले. फडक्याने ते बाह्यांना, खांद्यांना, पाठीला चोळचोळ चोळले. मग वाळायला म्हणून, बोंबील सुकत घातले होते त्या वलांडीवर जॅकेट चढवून दिले. संध्याकाळपर्यंत ते बोंबलांच्या रांगेत वाऱ्यावर हलत राहिले.

आणि खरेच, हलत होते! दशरथने अंगात घातले आणि हात खाली आले. वर गेले. त्याने आळोखेपिळोखे दिले, कमरेवर हात ठेवले, सखुबाईला वाकून नमस्कार केला.

"आये, कसलं तेल हो हे?"

"मुशीचं. काळजाचं," ती म्हणाली. "वास जाल दोन-तीन वर्सात."

समुद्राच्या काठी माशाच्या तेलाचा तो वास आला नव्हता, कारण तिथे दुसरा कोणताच वास नव्हता. गोराईचा रस्ता संपून भाईंदर गेले तसा तो दशरथला हळूहळू भेटू लागला. बोरिवलीत गाडी लावली तेव्हा पाठीमागून दोन मांजरे चालत येत होती.

पुढचा आठवडा थोडक्यात असा. सोमवारी कंपनीच्या फाटकावर चार मांजरे, मंगळवारी सात. बुधवारी एक पिवळा बोका खिडकीतून ड्रॉइंग हॉलमध्ये शिरला, खुर्चीच्या पाठीवरच्या जॅकेटवर दहा मिनिटे गाल घासले आणि नंतर सहा इंची पंपाच्या ड्रॉइंगवर, न सुकलेल्या शाईवर झोपून गेला. चीफ ड्राफ्ट्समननी बोक्याला काही म्हटले नाही. दशरथला म्हणाले, "मेस्त्री, एक तर ते राहील, नाहीतर तुम्ही." गुरुवारी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: जिन्यात मासे साफ करू नयेत. शुक्रवारी विमलाबाईंनी अनुपमाला थांबवून हळूच विचारले की बाजारात मुशी कुठे मिळाली, कारण त्यांना महिनाभर मिळाली नव्हती.

"बस्स झालं," अनुपमा म्हणाली.

"हात खाली येतात की आता," दशरथ अजिजीने म्हणाला.

"हात खाली येतात, पण मला नाक आहे. साडेचारशे किलोमीटर माझं नाक तुमच्या पाठीला असणार. उद्या मी धुते ते."

मासे खाणाऱ्या घरातल्या बाईला वास कसा काढायचा हे कोणी शिकवावे लागत नाही. शनिवारी दशरथ कामावर गेल्यावर तिने बंब पेटवला. कढत पाण्यात रिठे, चिंच, वर लिंबाच्या साली आणि डाळीचे पीठ. जॅकेट तीनदा बुडवले, तीनदा घासले. वास गेला. इतका गेला की दुपारी गॅलरीत एकही मांजर नव्हते. तिला स्वतःचा अभिमान वाटला. ऊन चांगले होते. तिने ते बाहेर वाळत टाकले आणि गुणगुणत आत गेली.

रविवारी सकाळी दशरथने हात घातला तो कोपरापाशी अडकला. दुसरा तिथवरही पोचला नाही. चामडे चार बोटे आखडले होते आणि पुन्हा पूर्वीसारखे ताठ झाले होते, बाह्या पुढे, एकशेवीस अंशांत. त्याने मोजून बघितले.

अनुपमा दारात उभी होती. "पाणी जरा जास्तच कढत झालं का हो?"

तो रागावला असता तर तिला बरे वाटले असते. त्याने जॅकेट हलक्या हाताने गॅलरीच्या खुंटीला लावले आणि चपला घातल्या. "एस्टीचं रिझर्व्हेशन करून येतो. उशीर केला तर खिडकी मिळायची नाही तुला," असे म्हणून जिना उतरला. खाली गेल्यावर मात्र त्याची पावले आपसूक मोटरसायकलकडे वळली, आणि खिशातला रुमाल काढून तो तिची टाकी पुसत बसला. टाकीवर धूळ नव्हती.

वर अनुपमा जॅकेटकडे बघत होती. ते हात पुढे करून तिच्यासमोर होते, कोणीतरी काहीतरी मागावे तसे. आतून अजून ओले आहे की काय हे बघायला तिने एक हात घातला. मग दुसरा. तिला नीट बसले. खांद्यांना, पाठीला, जसे दुकानाबाहेर दशरथला बसले होते तसेच. काढायला गेली तर निघेना.

दोन मिनिटांनी ती जिन्यावरून खाली आली. पंजाबी ड्रेसवर काळे जॅकेट, हात समोर.

"अहो, ओढा ना हे! विमलाबाई बघून गेल्या."

दशरथने वर पाहिले. आधी नवरा म्हणून पाहिले आणि मग ड्राफ्ट्समन म्हणून. "थांब. एक मिनिट बस इथं."

"मागे?"

"पुढे. ड्रॉइंग बरोबर होतं का एवढंच बघू दे."

ती कुरकुरत बसली. पाठ थोडी पुढे झाली. हात हँडलवर गेले, आपोआप, जणू ते तिथेच जन्मले होते. दशरथ एका बाजूने बघत होता, मग समोरून; वरून बघणे शक्य नव्हते. बरोबर होते. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही.

"झालं," तो म्हणाला. "दे, चेन ओढतो."

अनुपमा समोर बघत होती. समोर सोसायटीची पाण्याची टाकी आणि सेक्रेटरींची तुळस होती, पण ती त्याच्याही पलीकडे बघत होती. चेहऱ्यावर वारा लागल्यासारखे तिचे डोळे किंचित बारीक झाले होते. हा चेहरा दशरथने कधी पाहिला नव्हता, पण आतून त्याला तो चांगला ओळखीचा होता.

त्याने हळू आवाजात विचारले, "नागोठणं?"

"नाही," ती म्हणाली. "माणगाव सोडलं आत्ताच."

कुणीतरी नळ सोडला, कुणीतरी बंद केला. दशरथ रुमाल हातात धरून उभा राहिला.

"जत्रेला किती दिवस आहेत हो?"

"अठरा."

"तेवढ्यात येईल मला?"

दशरथने विचार केला. तो अचूक उत्तर देणारा माणूस होता. "गोराईच्या रस्त्यावर रोज सकाळी एक तास धरला, तर येईल."

"मग बसा मागे. आणि बोलू नका, घाट लागेल आता."

तो बसला. इंजिन बंद होते, स्टँड लावलेला होता. हात कुठे ठेवायचे हे त्याला पटकन सुचेना. मागच्या सीटवर तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला होता.