सर्कलमधला जावई

लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरानवरीची नावं पुकारतात. ती नावं पाळकसाहेबांना द्यायला नगरला निघताना एलियामामांनी ऐन वेळी अट घातली. "मोटरसायकल तू चालीव. वाटंत बघतो तू कसा गडी हाईस. मग ठरवतो पोरीचं नाव द्यायचं का न्हाई."

मामांच्या मुलीशी, दयाशी, लग्न ठरलंच असं समजून नवा शर्ट घालून आलेल्या जस्टिनने निमूट किक मारली. मामांनी जन्मभर एसटी चालवलेली. दुसऱ्याच्या मागे बसायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे समोरून साधं कुत्रं आलं तरी ते नसलेला ब्रेक दाबायचे. मिरजगाव सोडल्यापासून त्यांचा पाय सारखा आपटत होता.

नगरच्या तोंडाशी मोठं सर्कल आलं. जस्टिन कडेला थांबला.

"का रं थांबला?"

"आत फिरणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ द्यायचं, मामा. नियमच आहे तसा."

पण गाड्या काही संपेनात. रिक्षा झाल्या, टेम्पो झाले, मग उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. "ओ पाव्हनं, मुक्काम हाय का हितं?" मागचा पिकअपवाला ओरडला. जस्टिनला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात जराशी फट दिसली आणि त्याने गाडी घातली, ती थेट सर्कलच्या कठड्याला लागून.

आता बाहेर पडायला डावीकडे सरायला हवं, तर डावीकडे उसाची ट्रॉली. तो बिचारा इंडिकेटर लावून बसला. ट्रॉलीवाला ढिम्म.

"आरं, आपला रस्ता मागं ऱ्हायला!"

"पुढच्या फेरीला नक्की, मामा."

पुढच्या फेरीला ट्रॉली गेली, पण तिच्या जागी एसटी आली. ड्रायव्हरने मामांना ओळखलं आणि आदराने वेग कमी करून शेजारूनच चालवू लागला.

"काय एलियामामा, कुनीकडं?"

"पोरीच्या लग्नाचं बगतोय!" मामा ओरडले. ख्यालीखुशाली होईस्तोवर रस्ता पुन्हा निघून गेला.

तिसऱ्या फेरीला हवालदाराने शिट्टी फुंकली. "ओ, प्रदक्षिणा घालताय का?" आपण दयाला गमावलं, असं जस्टिनला अगदी स्पष्ट वाटलं. मामांची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती. त्याने आरशात पाहिलं, मान वळवून डावीकडे पाहिलं, मागच्या रिक्षाला जाऊ दिलं आणि हळूहळू बाहेरच्या अंगाला सरकत एकदाचा नगरच्या रस्त्याला लागला. पुढे पाळकसाहेबांच्या दारापर्यंत मामांचा पाय आपटतच राहिला.

"या, बसा," पाळकसाहेब म्हणाले. "मग, मुलगा कसा वाटला?"

"लई भित्रा," मामा म्हणाले.

जस्टिनने मान खाली घातली.

"पर एक गोष्ट मी माज्या डोळ्यांनी बगितली, साहेब. एकदा आत शिरला, की भाईर पडायचं ह्याला जमत न्हाई. नवरा असाच पायजे. पुकारा नावं."

जस्टिनच्या जिवात जीव आला. उठताना तो हौसेने म्हणाला, "चला मामा, घरी सोडतो."

"तू व्हय म्होरं," मामा पुन्हा खुर्चीत टेकत म्हणाले. "माजं मी बगतो."