छत्तीस गुण जुळलेले राखणदार

एका जंगलात, बाळांनो, बोरीच्या जाळीखाली मथुताई नावाची सशीण राहत होती. तिच्या बिळात एक संगणक होता. मागे एकदा तो बंद पडला, तेव्हा मथुताईने नवस बोलला होता. "देवा, हा सुरू होऊ दे, मी एकवीस शुक्रवार गाजराला तोंड लावणार नाही."

संगणक सुरू झाला. मथुताईने एकवीस शुक्रवार मुळ्यावर काढले.

तिचे यजमान ससोबा म्हणाले, "अगं, वायर निघाली होती. मी लावली."

"लावायची बुद्धी तुम्हाला कोणी दिली?"

ससोबांनी कान पाडले.

मथुताईची लेक कुंदा नदीपलीकडे दिली होती. तिला मुलगी झाली. नदीला पूर, जायला वाट नाही. शुक्रवारी दुपारी बारसं. ते संगणकावरच बघायचं ठरलं. "नातीचं नाव मी या कानांनी ऐकणार," असं मथुताईने सगळ्या रानाला सांगून ठेवलं.

पण त्याच आठवड्यात संगणकांत कीड शिरायची साथ आली. शेजारच्या घोरपडीचे सगळे फोटो किडीने फस्त केले.  मथुताई तडक कोल्हेशेठच्या दुकानात गेली.

"ताई, दोन राखणदार लागतील," कोल्हेशेठ म्हणाले. "आतली कीड मारायला अँटिव्हायरस. हे आमचे मुंगूसराव. आणि दारात कोण येतं-जातं ते बघायला फायरवॉल. या साळूबाई, अंगभर काटे."

"दोघांचं एकमेकांशी पटेल ना हो?"

"पटेल म्हणजे! पत्रिका देतो, जुळवून घ्या. आणि संगणकाबरोबर आलेली ती म्हातारी टिटवी असेल ना, तिला आधी खाली उतरवा. फुकटची राखण ती!"

मथुताई पत्रिका घेऊन घुबडगुरुजींकडे गेली. गुरुजींनी भर दुपारी डोळे मिटून बोटं मोजली. "छत्तीसपैकी छत्तीस! असं जोडपं मी पाहिलं नाही."

"दिवसा यांना दिसतं तरी काय," ससोबा पुटपुटले.

मथुताईने जोडप्याचा गृहप्रवेश केला. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. साळूबाईंनी ते असं उडवलं की अर्धे तांदूळ कीबोर्डमध्ये गेले. टिटवीला मथुताई म्हणाली, "मावशी, तुम्ही आता बोरीवर बसा. दमलात."

जोडप्याचं मात्र खरंच पटलं हो! मुंगूसराव म्हणायचे, "मला याचा संशय येतो." साळूबाई म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल तसं," आणि काटे उभारायच्या. संगणकात साठवलेल्या आरत्या गेल्या. मोदकांची कृती गेली. संगणक चढणीवरच्या बैलासारखा धापा टाकू लागला. कोल्हेशेठ तेवढे तासातासाला बेधडक आत यायचे. "राखणीची मुदत संपत आली, वाढवा!"

"यांना कसं सोडता?" मथुताईने विचारलं.

"अगंबाई, ते आमच्या माहेरचे!" साळूबाई म्हणाल्या.

शुक्रवारची दुपार झाली. संगणकाच्या दारावर टकटक झाली.

"कोण?" साळूबाईंनी विचारलं.

"मी कुंदा. आईला बोलवा."

"अशी कोणी आमच्या यादीत नाही."

"अहो, माझी लेक आहे ती!" मथुताई कळवळली.

"सगळे असंच म्हणतात," मुंगूसराव म्हणाले.

पलीकडे पाळणा सजला होता. मथुताईने डोळे मिटले, पंजे जोडले. "देवा, कोथिंबीरसुद्धा सोडते!"

तेवढ्यात बोरीवरून आवाज आला. "बाई गं, कोथिंबीर राहू दे. त्या दोघांचं एकमेकांशी जुळलं. पण नांदायचं होतं या संगणकात. त्याची पत्रिका कोणी पाहिली?"

मथुताईचे कान ताठ झाले. कोणीच पाहिली नव्हती.

ती रागावली नाही. तिने साळूबाईंची ओटी भरली, मुंगूसरावांच्या हाती नारळ दिला. "सुखाने नांदा. पण माहेरी."

टिटवी जागेवर आली. कोल्हेशेठ पुन्हा येत होते. ती अशी काही ओरडली की शेठ बोरीच्या काट्यांत जाऊन पडले. मग तिने दार उघडलं. "ये गं कुंदे, आई केव्हाची खोळंबलीय."

संगणकातून आवाज आला, "कुर्रर्र!" आणि मागोमाग नाव, "रेवती!" मथुताईने ते दोन्ही कानांनी ऐकलं. मग डोळे पुसले.

"टिटवीमुळे झालं हो," ससोबा म्हणाले.

"झालं ना. पण टिटवीला बोलायची बुद्धी कोणी दिली?"

आणि पुढचे एकवीस शुक्रवार त्या घरात कोथिंबीर आली नाही.

तात्पर्य: घराची राखण अशी चोख असावी, की पोटची लेक दाराबाहेर राहावी आणि कोल्ह्याचं तेवढं येणं-जाणं असावं. यालाच सुरक्षा म्हणतात. एवढं करूनही संगणक चालला नाही, तर बाळांनो, माझं ऐका. तुम्हीही मथुताईसारखं एखादं आवडतं खाणं सोडा. संगणक चालो न चालो, शेजारच्या सशाला गाजरं तरी मिळतील.