मंचाखालचा सत्कार

मध्य प्रदेशातल्या बालाघाटसारख्या गावात व्यावसायिक खेळाडू आणायचा कुठून, हा प्रश्न नीळकंठराव देशकरांना दर महिन्याला पडे. आदल्या वर्षी देशाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि त्या भरात गावातल्या उत्साही मंडळींनी नगर क्रीडा मंडळ काढले. दर महिन्याला एक व्यावसायिक आणि एक हौशी, अशा दोन खेळाडूंचा जाहीर सत्कार करायचा असे ठरले. नुकतेच निवृत्त झालेले नीळकंठराव सचिव झाले. हौशी खेळाडू हवे तितके मिळत. पण व्यावसायिक म्हणजे खेळावर ज्याचे पोट चालते तो. त्या नियमात बसवण्यासाठी एकदा कॅरम बोर्ड विकणाऱ्या दुकानदारालाही शाल घालावी लागली होती.

"या महिन्यात मात्र खरा माणूस गावला," सत्काराच्या दिवशी सकाळी चहा पिताना नीळकंठराव बायकोला म्हणाले. "लालबर्र्‍याचा भैयालाल पहेलवान. कुस्तीच्या दंगलीच खेळते, दुसरा धंदाच नाही त्याले."

"अन् हौशी कोण?" उमाबाईंनी विचारले.

"दवाखान्यातल्या नर्स, दुर्गाबाई. कर्मचाऱ्यांच्या खेळात रस्सीखेच खेळतात. दोराच्या शेवटी उभ्या राहतात म्हणे, अन् हलत नाहीत."

"रस्सीखेच!" उमाबाई हसल्या. "त्याच्यात काय पाह्यचं? पहेलवानासमोर बिचाऱ्या बाईले कोण विचारते आता!"

नीळकंठरावांनाही तसेच वाटत होते, पण त्यांच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. प्रमुख पाहुणे होते भोजराज सेठ. त्यांच्या धानगिरणीमागचे मोठे गोदाम रिकामे पडले होते आणि ते गावाच्या व्यायामशाळेसाठी द्यायला सेठ जवळजवळ तयार झाले होते. जवळजवळच. कारण सेठ शकुन-अपशकुन फार मानत. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, नेमका त्यांच्यासमोरचा दिवा विझला, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठून गेले होते.

"आजच्या कार्यक्रमात काही तुटलं-फुटलं, की गोदाम गेलं समजा," असे नीळकंठरावांनी मंडपवाल्या दुलीचंदला चार वेळा बजावले होते. दुलीचंदने शाळेच्या पटांगणात उंच तख्ते जोडून मंच केला, त्यावर सतरंजी घातली आणि पुढून लाल झालर सोडली. मंच झकास दिसत होता.

संध्याकाळी पटांगण भरले. भरवेलीच्या खाणीतले कामगार सायकली घेऊन आले होते, बायका चटयांवर बसल्या होत्या. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या कुडत्यात भैयालाल होता आणि लोक त्याच्या मानेकडे बघून थक्क होत होते, कारण मान अशी काही दिसतच नव्हती. पलीकडे निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत दुर्गाबाई शांत बसल्या होत्या.

भोजराज सेठ बोलायला उभे राहिले. अंगाने ते भरभक्कम होते आणि भाषणात एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायची त्यांना सवय होती. "भाइयों और बहनों, ताकद म्हणजे काय?" असे विचारून त्यांनी उजवा पाय दाबला आणि मागे बसलेल्या नीळकंठरावांना 'कर्रऽऽ' असा आवाज ऐकू आला. बघतात तो सेठच्या पायाखालचे तख्त एका अंगाला कलत होते.

नीळकंठराव मागच्या बाजूने हळूच उतरले. वाकून मंचाखाली पाहिले, तर तख्ताचा पाय उभा चिरला होता. "तोवर पहेलवानाले खाली लावतो," असे सांगून त्यांनी दुलीचंदला विटा आणायला पिटाळले आणि वाकत वाकत पहिल्या रांगेशी गेले.

"पहेलवान, जरा मागं या."

"सत्कार की बारी आ गई क्या?" भैयालाल उठला.

"नाही. मंच पडाले आला."

भैयालाल भला माणूस होता. त्याने कुडता काढून घडी केली, मंचाखाली शिरला, गुडघ्या-हातांवर ओणवा झाला आणि तख्त पाठीवर घेतले. वर सेठची बाजू पुन्हा सपाट झाली. दुलीचंद विटा घेऊन येईपर्यंतचाच प्रश्न होता.

दुलीचंद आला नाही. भाषण मात्र ताकदीवरून संयमावर आणि संयमावरून गिरणीच्या इतिहासावर गेले. शेवटी टाळ्या वाजल्या आणि सेठनी शाल हातात घेतली. "बुलाइए हमारे पहेलवान को!"

"हाजिर!" मंचाखालून दबलेला आवाज आला.

लोकांना वाटले, भोंगा बिघडला. नीळकंठराव घाईघाईने पुढे झाले. "पहिले हौशी खेळाडू! बायकांचा मान पहिला! दुर्गाबाई, या!"

दुर्गाबाई मंचावर चढल्या. त्यांचा पाय पडताच तख्त थोडे खाली गेले, खालून कण्हल्यासारखा आवाज आला आणि तख्त परत वर आले. सेठ दचकले. "देशकरजी, कुछ हिला?"

"टाळ्यांनी, सेठजी. टाळ्यांनी."

दुर्गाबाईंनी शाल घेतली, हार घेतला, नमस्कार केला. पण त्यांचे लक्ष पायाखाली होते. उतरल्याबरोबर त्यांनी नीळकंठरावांना बाजूला घेतले.

"खाली कोण कण्हून राह्यलं?"

"भैयालाल. पाय तुटला."

"त्याचा?"

"तख्ताचा हो, बाई! त्यानं पाठीवर धरला मंच. आता तो सुटला तर सेठ पडते, अन् नाही सुटला तर सत्कार कोणाचा करू?"

"काहून सांगतलं नाही मले?" असे म्हणून दुर्गाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि त्या झालरीआड गेल्या. नीळकंठराव "अहो बाई, अहो बाई" म्हणेपर्यंत खालून कुजबुज ऐकू आली. "सरक तिकडं. हळू. सोड आता." आणि भैयालाल बाहेर आला. पाठीवर धूळ, गुडघे लाल, आणि तोंडावर असा भाव, की जणू त्याने देवळात काही पाहिले आहे.

"सरजी," तो पुटपुटला, "मैं तो काँप रहा था. बाई हिली पण नाही."

"ते मागाहून! कुडता घाला अन् वर जा!"

भैयालाल मंचावर गेला. म्हणजे आता दुर्गाबाईंच्या पाठीवर सेठचा, टेबलाचा आणि पहेलवानाचा असा सगळा भार होता. नीळकंठरावांनी डोळे मिटून घेतले. पण तख्त खाली गेले नाही. उलट बोटभर वरच आले आणि सेठ स्वतःशीच म्हणाले, "आज बड़ा हल्का लग रहा है."

शाल झाली, हार झाला. नीळकंठराव आभार मानायला तोंड उघडणार, तोच सेठना हुरूप आला. "पहेलवान, जरा दंड-बैठका तर मारून दाखव! इथंच, मंचावर!"

पटांगण टाळ्यांनी दुमदुमले. भैयालाल जागचा हलेना.

"नहीं मारूँगा, सेठजी."

"काहून?" सेठच्या कपाळाला आठी पडली.

"यहाँ नहीं मारूँगा." भैयालालच्या डोळ्यांत पाणी आले. एवढ्या मोठ्या देहाला रडताना पाहून पहिल्या रांगेतल्या बायका हळहळल्या. सेठ मात्र संतापून खुर्ची मागे सारू लागले आणि नीळकंठरावांना गोदाम डोळ्यांदेखत दूर जाताना दिसले.

नेमका त्याच वेळी हातगाडीवर विटा घेऊन दुलीचंद फाटकातून धावत आला. "देशकर साहेब, आणल्या विटा! पहेलवानाले म्हणा, निंघ आता मंचाखालून!"

सगळे पटांगण मागे वळले. दुलीचंदला मंचावर हार घालून उभा असलेला भैयालाल दिसला आणि तो चक्रावला.

"आँ? हा वरतं हाय, तं खालतं कोण हाय?"

भोजराज सेठ मंचाच्या कडेशी ओणवले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने लाल झालर वर केली. खाली दुर्गाबाई होत्या. गळ्यात सत्काराचा हार तसाच, पाठीवर अख्खा मंच, आणि चेहरा रोग्याची नाडी बघत असल्यासारखा शांत.

मग भरवेलीचे कामगार एकेक करून उठून उभे राहिले. लोखंड आणि दगड उचलण्यात हयात घालवलेली ती माणसे, पण टाळी वाजवायचेही कोणाला सुचले नाही.

सेठनी तिथेच हात जोडले. "बाई, मी वर बोलत राह्यलो अन् तुम्ही..."

"भाषणात पहेलवान होता खाली. मी आत्ताच आली," दुर्गाबाई म्हणाल्या. "सेठजी, हात मागाहून जोडा. पहिले खाली उतरा."

सेठ उतरले. झोपलेल्या लेकराशेजारून उठावे तसे, चवड्यांवर. त्यांच्यामागे भैयालाल, मग टेबल. दुर्गाबाई बाहेर आल्या, पदर सोडला, आणि मागे तख्त 'धाडकन्' कोसळले. नीळकंठरावांनी गोदामावर पाणी सोडले. अपशकुन झाला तो झालाच.

सेठनी मोडलेल्या तख्ताकडे पाहिले, मग दुर्गाबाईंकडे.

"असा शकुन मी जन्मात पाह्यला नाही," ते म्हणाले. "जिनं मोडलेलं पडू देलं नाही, ती बाई ज्या गावात हाय, त्या गावाले गोदाम नाही देऊ तर कोणाले देऊ?"

मग मात्र टाळ्या अशा वाजल्या, की शाळेच्या कौलांवरची पाखरे उडाली.

गोदाम झाडून-पुसून व्यायामशाळा उघडली, तेव्हा भैयालाल लालबर्र्‍याहून मुद्दाम आला. त्याच्या खांद्यावर जाडजूड दोर होता. दुर्गाबाई ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. त्याने दोराचे एक टोक त्यांच्यासमोर अदबीने ठेवले, शागीर्दाने उस्तादापुढे ठेवावे तसे.

"पहेलवान, तुम्ही व्यावसायिक, मी हौशी," दुर्गाबाई हसल्या. "अन् मले भूक लागली."

"एकच डाव, बाई."

त्यांनी चपला काढल्या, दोर कमरेमागून घेतला आणि टाचा रोवल्या. नीळकंठरावांनी शिट्टी फुंकली. भैयालालने दात-ओठ आवळले, मांड्यांचे स्नायू फुगले, गळ्याच्या शिरा तटतटल्या; आणि तरी तो इंच-इंच पुढे सरकत, खडूची रेघ ओलांडून, थेट दुर्गाबाईंच्या चपलांपाशी येऊन थांबला.

घामाने निथळत त्याने वर पाहिले. हरलेल्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद बालाघाटात कोणी पाहिला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "और एक बार खींचो ना."